डब्याच्या तळाशी राहिलेली पूड

मी, गुरुनाथ दत्तात्रय सबनीस, वय एकोणसाठ, मूळ राहणार चिंचवड, गेली अठरा वर्षे नेदरलँड्समध्ये व त्यातली तेरा उइटहॉर्न येथील स्वतःच्या घरात, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी भुलवलेले नाही. जानेवारीत हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून आता लिहितो. डच भाषेतला कायदेशीर दस्त नोटरीबाईंसमोर होईल. हा मजकूर त्याचा आधार समजावा. साक्षीदारांची गरज नाही असे त्या म्हणाल्या. मला आहे.

१. उइटहॉर्नचे घर, बँकेतली शिल्लक आणि चिंचवडच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा माझी एकुलती मुलगी संहिता, राहणार ब्रेडा, हिला मिळावा. तिला नको असेल तर तिने विकून टाकावे. का विकले हे तिला कोणी विचारू नये.

२. माझी दिवंगत पत्नी कीर्ती हिचे शिलाई मशीन शेजारच्या मंजूषा देवधर यांना द्यावे. कीर्ती माझ्या व्हिसावर इथे आली, चार वर्षे घरात बसली आणि एके दिवशी म्हणाली, "मी काहीतरी करणार आहे, तुम्ही फक्त मध्ये येऊ नका." मग तिने अर्ध्या गल्लीच्या पँट आखूड केल्या, पडदे शिवले. मी मध्ये आलो नाही. तिच्यासाठी मी केलेल्या बऱ्या गोष्टींत ही मोजता येईल.

३. मागचा लाकडी डेक मी २०१४ साली स्वतः बांधला. इथल्या ओलीत लाकडावर शेवाळ धरते. म्हणून दरवर्षी तो घासून, दोन दिवस वाळवून, पाय घसरू नये असे खास तेल लावावे लागते. त्या तेलात बारीक खरखरीत पूड असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. काठीने तळापासून ढवळून वर आणावी लागते. न ढवळता लावले तर लाकूड चकाकते, पण पाय धरत नाही.

२०२२च्या सप्टेंबरात, चोवीस तारखेला, शनिवारी, चारनंतर पाऊस सांगितला होता. कीर्ती म्हणाली, "घाई कशाला? पुढच्या आठवड्यात लावा." मी ऐकले नाही. डबा उघडला, ब्रश बुडवला, साडेतीनला काम संपवले. डेक सुरेख दिसत होता. मी तिला म्हणालो, "आता खुशाल चाल, घसरणार नाहीस."

अठरा ऑक्टोबरला संध्याकाळी संहिताचा फोन आला. "आई, थंडी पडणार आहे. कढीपत्त्याची कुंडी आत घेतलीस का?" पाऊस नुकताच थांबला होता. कीर्ती फोन कानाला लावूनच बाहेर गेली. पायरीच्या कडेवर तिचे डोके आपटले. पडल्याचा आवाज संहिताने ब्रेडात ऐकला. कीर्ती त्यानंतर अकरा दिवस जगली. शुद्धीवर आली नाही.

चौथ्या दिवशी मी इस्पितळातून अंघोळीला घरी आलो आणि शेडमध्ये जाऊन तो डबा उघडला. काठी घातली. तळाशी बोटभर पूड जशीच्या तशी होती.

हे मी कोणाला सांगितले नाही. कीर्तीच्या दिवसांना तिचा भाऊ रवींद्र पुण्याहून आला होता. त्याने भरल्या घरात संहिताला म्हटले, "तुझा फोन आला नसता तर ती बाहेर गेलीच नसती." संहिता चोवीस वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

४. म्हणून रवींद्रला माझ्याकडून काहीही देऊ नये. हा राग मी तीन वर्षे त्याच्यावर काढला. तो वास्तविक कोणाच्या वाट्याचा आहे हे मला कळते. तरीही देऊ नये.

५. या मृत्युपत्राचा पहिला मसुदा मी सप्टेंबरात केला. कलम तीन त्यातही होते. मंजूषाताईंनी साक्षीदार म्हणून वाचायला घेतला आणि पेन खाली ठेवले.

"हे संहिताने तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"म्हणजे तोवर तिने स्वतःलाच दोष देत राहायचं? मी सही करणार नाही, गुरुनाथराव. आधी तिला सांगून या."

त्याच महिन्याच्या चौदा तारखेला मी ब्रेडाला गेलो. संहिता एरवी माझ्याशी इंग्रजी-डच मिसळून बोलते. त्या दिवशी सगळे मराठीत बोलली. मी सांगितले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. बराच वेळ नळ वाहत राहिला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"आई होती तेव्हापासून. चौथ्या दिवसापासून."

"मी तीन वर्षं कोणालाही फोन केला नाही, बाबा. कोणालाही. तू मला विचारलंस, मेसेजच का पाठवतेस. तू विचारलंस मला."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "आता जा." रागाने म्हणाली नाही. मला माझे जॅकेट आणून दिले, चेन वर ओढायला सांगितले आणि दार लावून घेतले. त्याला आज नऊ आठवडे झाले. तिच्याकडून काही आलेले नाही. मी रोज वाट पाहतो, आणि वाट पाहण्याचा मला काय अधिकार आहे हेही रोज स्वतःला विचारतो.

६. माझी हत्यारे, ब्रश आणि पॉलिशचे सामान माझे इथले मित्र संजीव करंदीकर यांना द्यावे. घर दुसऱ्याच्या ताब्यात जाण्यापूर्वी त्यांनी डेक घासून, वाळवून, तेल ढवळून दोन हात लावावेत. पावसाचा अंदाज असल्यास काम पुढे ढकलावे.

७. माझे दहन इथेच करावे. संहिताला फक्त दिवस आणि वेळ कळवावी, तीही लिहून. ती आली नाही तर तिच्यासाठी थांबू नये. नंतर तिला कोणी बोल लावू नये, आणि बापच होता ना शेवटी, असे तर कोणीच म्हणू नये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

गुरुनाथ दत्तात्रय सबनीस (सही)

स्थळ: उइटहॉर्न
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

आमच्यादेखत सही केली:
१. संजीव करंदीकर (सही)
२. मंजूषा देवधर (सही)