पृथ्वी काय बटाटा आहे का?

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं भांडण मी मिटवलेलं नाही. डोंबिवलीच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती काढायची होती आणि माझा राउंडर मोडलेला, म्हणून मी वाटी, डब्याचं झाकण आणि आईची चेपलेली बांगडी ठेवून वर्तुळं काढली. तुम्ही वही वर्गासमोर धरलीत. "अगं, पृथ्वी काय बटाटा आहे का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेवढ्यावर थांबला असतात तर मी विसरलेही असते. पण पालकसभेत तुम्ही आईला सांगितलंत, "हिच्या कामात टापटीप नाही हो. सायन्स झेपायचं नाही, कॉमर्सला घाला." आईला तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दहावीनंतर मी जेवण सोडलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "घे बाई ते सायन्स, पण आधी दोन घास खा."

आता मी काय करते ते ऐका. कुठेही मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात. तापलेल्या भागात त्या रेंगाळतात, थंड भागातून पळतात. जगभरच्या यंत्रांवर त्या कधी पोचल्या यावरून आम्ही आतलं चित्र तयार करतो, डॉक्टर सोनोग्राफी करतात तसं. आणि बाई, आफ्रिकेखाली, पार गाभ्याला टेकून, एक अवाढव्य ढेकूळ आहे. दुसरं पॅसिफिकखाली. कुठे फुगलेलं, कुठे चेपलेलं. हो, बटाट्यासारखंच!

परवा शाळेनं मला बोलावलं होतं. मानपाडा रोडवरच्या त्याच वर्गात, तुमच्या जागी उभी राहून मी ती ढेकळं फळ्यावर नुसत्या हातानं काढली. फार बरं वाटलं, लपवत नाही. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, लाट लेट आली हे कळतं कसं?" मी सांगायला लागले, की आधी पृथ्वी आतून अगदी गोल थरांची आहे असं धरायचं, लाट कधी यायला हवी ते काढायचं, आणि मग फरक बघायचा. बोलता बोलता मी कोपऱ्यातला लाकडी राउंडर उचलला आणि तुमची आकृती काढली.

कॉमर्सबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण रोज कामाला बसले की सगळ्यात आधी तुमचीच गोल पृथ्वी उघडते. तुम्ही असतात, तर हे तुम्हाला कळू दिलं नसतं.