उतरल्यावरचा फोन

चि. धाकट्यास,

तुझे बाबा मंगळवारी गेले. तुमच्या अवकाश केंद्राच्या डॉक्टरांनी विचारलं, "त्याला तुम्ही सांगता की आम्ही सांगू?" मी म्हटलं, "तो पृथ्वीवर परत येईपर्यंत कुणीही सांगायचं नाही. वर त्याला कामं आहेत." म्हणून हे पत्रही ठेवून देणार आहे.

बाबांचे शर्ट धुऊन इस्त्री केले. कशासाठी, ते विचारू नकोस.

काल यानातून व्हिडिओ कॉलवर तू म्हणालास, "म्हातारबुवा कुठायत?"

"झोपलेत."

"मी वर असताना? कमाल आहे!" तू हसलास.

लढाऊ विमानं उडवायचास, तेव्हा तुझा "उतरलो" असा फोन येईपर्यंत ते फोनशेजारच्या खुर्चीतून हलत नसत.

खुर्ची तिथेच आहे. उतरलास की नेहमीसारखा फोन कर. या वेळी मी उचलेन.

आई