पेन्सिलीने खोडलेली ओळ

प्रिय देवेश,

तुझा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, रागाने उचलला नाही. तू बोलायला लागलास की मी विरघळते आणि माझं सांगायचं राहूनच जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

इकडे भात बरं आलंय. माझी मृणाली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. कोन गावच्या नाक्यावरून आपल्या गावात येणारा रस्ता गोडाऊनच्या ट्रेलरांनी पुन्हा उखडलाय. मागच्या शेतातल्या आपल्या गोडाऊनला सील लागलं, हे भाडेकरूने तुला कळवलं असेलच. ठकुबाईचं मात्र कळवलं नसेल, आणि तूही विचारलं नसशील.

अकलोलीची ठकुबाई, आई होती तेव्हापासून दरसाल आपल्याकडे लावणीला येणारी. तुला कडेवर घेऊन कुंडावर तीच न्यायची. त्या गरम पाण्याला वास का येतो, म्हणून तू तिचं डोकं खायचास आणि ती म्हणायची, "देवीचं पाणी हाय ते, नाक दाबू न्हाय." पुढे तू केमिकल इंजिनियर झालास, रिफायनरीत लागलास आणि पहिल्या सुट्टीला गंधकाचा पिवळा खडा घेऊन आलास. डिझेलमधून आम्ही हाच काढतो, नाहीतर गाड्यांच्या धुरातून लोकांच्या छातीत जातो, म्हणालास. काढलेल्याचं काय करता, असं मी विचारलं, तर म्हणालास की त्याचं ॲसिड करतात, काही वाया जात नाही. तो खडा मी शोकेसमध्ये ठेवला. माझा भाऊ हवा साफ करतो, असं आल्यागेल्याला सांगायचे. लोक हसायचे, पण मला मिरवायची हौस.

मग तीन वर्षांपूर्वी तो भाडेकरू आला. गॅरेजमधलं जळकं काळं ऑईल आणायचं, साफ करायचं आणि विकायचं, हा त्याचा धंदा. मला काही कळेना, म्हणून तू दिवाळीला येईपर्यंत मी त्याला थांबवून ठेवलं. तू ओटीवर बसून, हातात पेन्सिल घेऊन त्याचा कागद वाचलास आणि मला समजावलंस, की तेलात ॲसिड घालतात, घाण खाली बसते, वरचं तेल मातीतून गाळून घेतात. मी एकच विचारलं होतं, ती खालची घाण जाणार कुठे? "माती असते गं ती, आक्का. काही होत नाही." घरातला एकुलता एक इंजिनियर बोलला, विषय संपला. मी तुझ्या सहीखाली सही केली. भाड्यातून तुझ्या फ्लॅटचे हप्ते गेले, माझ्या स्वयंपाकघराला फरशी बसली. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

त्यांनी बांधालगत नुसता खड्डा खणला आणि तो काळा गाळ त्यात ओतत राहिले. वासाने डोळे चुरचुरायचे. शेजारपाजारचे तक्रार घेऊन आले की मी सांगायचे, आमच्या देवेशने बघितलंय. लोकही गप्प बसायचे, कारण तुझ्या शब्दाला गावात मान होता.

यंदा लावणीच्या वेळी खड्ड्यावर दुधावर धरते तशी साय धरली होती, वर कोणीतरी मुरूम टाकला होता. पावसाने बांध निसरडा झालेला. ठकुबाई डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन निघाली तेव्हा मीच तिला म्हटलं, बांधावरून नको, त्या मुरुमावरून जा, नुसती माती आहे. तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिने तो ओढून काढला, खाचरातल्या पाण्यात खळबळला आणि राहिलेली ओळ लावून पुरी केली. "जरा चुरचुरतंय," एवढंच म्हणाली आणि संध्याकाळच्या एसटीने घरी गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा, राघोचा फोन आला. तोवर मांस काळं पडलं होतं. डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय काढला.

मी दवाखान्यात गेले तेव्हा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं, "देवेशला ठावं होतं का गं?" मी म्हटलं, न्हाय गं, त्याला कुठनं ठावं असणार. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "मंग त्याला सांगू नको. पोर जिवाला लावून घेईल."

गेल्या आठवड्यात कागद जमवताना भाडेकराराच्या फाईलमध्ये तू ओटीवर वाचलेला तो कागद सापडला. समासात तुझं बारीक इंग्रजी अक्षर. मृणालीने वाचून दाखवलं: 'गाळात ॲसिड राहणार. खड्डा आतून पक्का बांधलाच पाहिजे, माणसं-जनावरं लांब ठेवावीत.' आणि त्यावर एक सरळ रेघ, तुझ्याच पेन्सिलीची. करारात त्यातलं अक्षरही नाही. मृणालीने दुसऱ्यांदा वाचलं नाही, उठून आत गेली. पक्का खड्डा मागितला तर भाडेकरू दुसरी जागा बघेल, एवढीच भीती होती ना? मला विचारायचं होतंस. मी फरशीशिवाय राहिले असते रे.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं, की गुरुवारी प्रांत ऑफिसात सुनावणी आहे. भाडेकरूचा वकील म्हणतो, इंजिनियर मालकानेच सगळं पसंत केलं होतं. मी तो कागद टेबलावर ठेवणार आहे. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, ते मला कळतं. ठकुबाईला त्या वाटेने कोणी पाठवलं, हे मी आधी सांगेन. राघो तिला रिक्षातून घेऊन येणार आहे. दवाखान्यात तुझ्यासाठी बोललेलं खोटं मला तिच्यासमोरच परत घ्यायचंय. तुला ठाऊक होतं, हे तिला त्या दिवशी कळेल. तू आलास तर तुझ्या तोंडून, नाही आलास तर तुझ्या अक्षरातून.

अजूनही तुझीच,
आक्का