मुलांनी पोकर खेळावे काय? : एक सप्रयोग विवेचन

४ जून १९६१, रविवार. सकाळी ९.

नवी वही. नवा संकल्प. क्रमाने लिहितो.

आमच्या बसवनगुडीतील मराठी स्नेहमंडळाचे सेक्रेटरी येसाजीराव काल घरी आले व जुलैच्या सभेसाठी माझे व्याख्यान मागून गेले. विषय मीच निवडला: मुलांनी करमणुकीसाठी पोकर खेळावे काय? येसाजीराव म्हणाले, गेल्या खेपेस तुम्ही थर्मामीटरवर बोललात तेव्हा शेवटी मी आणि सतरंजी गोळा करणारा असे दोघेच उरलो होतो. या विषयात निदान मसाला आहे, पण वीस मिनिटांत आटपा. होकार दिला. वीस मिनिटांत प्रस्तावना आटपेल.

माझे मत: खेळावे. प्रत्येकाला पाच पत्ते. ज्याचे भारी, त्याचा डाव. परंतु हलक्या पत्त्यांवरही बोली चढवून समोरच्याला घाबरवता येते. यालाच थाप म्हणतात. म्हणजे अंकगणित, मानसशास्त्र आणि आत्मसंयम, तीनही विषय एका गंजिफ्यात. पैसे अर्थातच नाहीत. चिंचोके, डावात उतरताना प्रत्येकी एक.

मात्र प्रयोगाविना मत मांडणे हे इन्स्पेक्शन विभागातील माणसाला शोभत नाही. तेव्हा प्रयोग घरीच. अलका (वय अकरा) आणि अरविंद (वय आठ).

दुपारी २. सुलभाला योजना विशद केली. ती म्हणाली, पत्ते कसले शिकवता, पोरीला त्रैराशिक येत नाही. म्हटले, त्रैराशिकासाठीच. ती म्हणाली, अहो ते असू दे, कारखान्यातली सीनियरची जागा तुम्हालाच ना? नक्की? कारण जागेबरोबर कॉलनीतले क्वार्टर मिळणार, आणि त्या भरवशावर तुम्ही खाली हयवदनरायांना जुलैअखेर घर सोडतो म्हणून सांगून बसलात. (हयवदनराय आमचे घरमालक. धारवाडकडचे. मराठी उत्तम.) म्हटले, निःसंशय. मुलाखत पाऊण तास चालली. कमिटीने एकच प्रश्न विचारला. उरलेला वेळ मी बोललो.

७ जून, बुधवार.

पहिला डाव. आरंभी पाच पत्त्यांत एक जोडी येण्याची शक्यता शेकडा बेचाळीस कशी, ते पाटीवर सिद्ध केले. अरविंदने विचारले, अण्णा, आता वाटू का?

माझे सर्व चिंचोके गेले. हे योजनापूर्वक. विद्यार्थ्यास आरंभी यश मिळाले म्हणजे गोडी लागते.

११ जून, रविवार.

योजना नसतानाही चिंचोके गेले.

निरीक्षण: माझे पत्ते हलके असताना मी शांतपणे, तर्कशुद्ध भाषेत, बोली का चढवत आहे ते मुलांना समजावून सांगतो. तरी अलका पत्ते उघडायला लावते. उलट तीन राण्या आल्या तेव्हा मी नुसते ‘चला’ म्हणालो, तर दोघांनीही पत्ते टाकून दिले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्यप्राय. कारण बाहेरचे असले पाहिजे.

संशय १: माझ्या मागचे आरशाचे कपाट. जागा बदलली. पुन्हा हरलो.

संशय २: पत्त्यांवर खुणा. भिंगाने बावन्न पत्ते तपासले. चौकटच्या अठ्ठीवर लोणच्याचा डाग. अन्यथा निर्दोष.

संशय ३: माझे डोळे. स्विस इंजिनिअर, ज्याने मला कारखान्यात हा खेळ शिकवला, तो म्हणत असे की डोळे बोलतात. उपाय उद्या.

१२ जून, सोमवार.

काळा चष्मा लावून बसलो. बदाम आणि इस्पिक यांतला भेद नाहीसा झाला. सुलभा म्हणाली, अय्या, डोळे आले की काय? अरविंद हसता हसता पाटावरून पडला.

हरलो. चष्मा रद्द.

संकल्प: यापुढे चेहरा दगडासारखा. रोज दाढी करताना दहा मिनिटे सराव.

१७ जून, शनिवार. सायंकाळी ६.

कारखान्याच्या नोटीस बोर्डावर ऑर्डर लागली. सीनियरच्या जागेपुढे शिवाप्पा यांचे नाव आहे. शिवाप्पा मला चार वर्षांनी ज्युनियर. मुलाखतीत त्यांनी म्हणे फक्त हो आणि नाही अशीच उत्तरे दिली.

यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ऑर्डर तात्पुरत्या स्वरूपाची असू शकते. टायपिस्टची चूक असू शकते. वरिष्ठांच्या मनात माझ्यासाठी याहून मोठी जागा असू शकते, आणि तसे असेल तर ही जागा मला देणे त्यांना शक्यच नव्हते. तिसरी शक्यता सर्वांत सबळ वाटते. चित्र स्पष्ट होईपर्यंत घरी बोलण्यात अर्थ नाही. सुलभाने ट्रंका काढून उन्हात ठेवल्या आहेत.

रात्रीच्या जेवणात मुलांना शेर जाऊन किलो का आला ते पहिल्यापासून समजावून सांगितले. चेहरा पूर्ण दगड. दुसरा भात येईपर्यंत मी ग्रॅमपर्यंत पोचलो होतो. मध्येच अरविंदने खिशातून एक चिंचोका काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. अलकाने डोळे वटारले, तेव्हा त्याने तो निमूट परत घेतला. मुले जेवतानाही खेळातच असतात. व्याख्यानासाठी टिपून ठेवले: एकाग्रता वाढते.

२० जून, मंगळवार.

सुलभाने विचारले, नव्या घरात फडताळ कुठल्या भिंतीला लावायचे? कागद घेऊन कॉलनीचा संपूर्ण नकाशा काढून दाखवला. वाऱ्याची दिशा, नळाचा दाब, सांडपाण्याचा उतार. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, सरी. एवढेच. या बाईंच्या तोंडी कानडी आले की विषय संपला असे समजायचे.

संध्याकाळी ट्रंका पुन्हा माळ्यावर गेलेल्या दिसल्या. ऊन पुरेसे लागले असावे.

२५ जून, रविवार.

गांधी बझारात हयवदनराय भेटले. हातात केळीची पाने. म्हणाले, सार, बँकेतला एक गृहस्थ म्हैसूरहून बदलून येतोय, ॲडव्हान्स द्यायला बसलाय. तुमचं स्वल्प नक्की सांगा. नऊ तारखेच्या रविवारपर्यंत. नंतर मला शब्द फिरवता येणार नाही हो.

मी सरकारी कारखान्यांतील बढत्यांची पद्धत, हंगामी आणि कायम ऑर्डरमधला फरक, क्वार्टर-वाटपाचे टप्पे हे सारे फुलांच्या दुकानापाशी उभे राहून सांगितले. ते ऐकत राहिले. पाने या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, म्हणजे राहणार की जाणार, तेवढं सांगा. म्हटले, दोन्ही पर्याय खुले आहेत. ते म्हणाले, घर एकच आहे की हो.

वस्तुस्थिती, केवळ माझ्यापुरती: क्वार्टर नाही. नऊ तारखेनंतर हेही घर नाही. सुलभाला सांगणे आवश्यक.

उद्या सांगतो.

२ जुलै, रविवार.

सांगण्याची वेळ योग्य असावी लागते. सोमवारी तिचा उपास. मंगळवारी मलाच पडसे. बुधवारी शिवाप्पांनी विभागात पेढे वाटले. एक पेढा घरी आणला. सुलभाने विचारले, कशाचा? प्रसादाचा, म्हटले, आणि त्या देवस्थानाचा इतिहास सांगितला. तिने पेढ्याचे चार तुकडे केले. माझ्या हातावर सर्वांत मोठा ठेवला.

आज ठरवले होते. परंतु व्याख्यान तोंडावर आले आहे. वक्त्याच्या घरात शांतता हवी. आधी व्याख्यान, त्याच संध्याकाळी खुलासा. क्रम निश्चित.

पोकर: हरलो.

६ जुलै, गुरुवार.

जिन्यात हयवदनराय. पण त्यांनी घराचे नावही काढले नाही! हसले, अरविंदच्या हातात दोन केळी दिली, व्याख्यानाला येतो म्हणाले. बाजारातील माझे विवेचन अखेर त्यांना पटलेले दिसते. पद्धतशीर बोलण्याचा प्रभाव उशिरा, पण होतोच.

९ जुलै, रविवार. दुपारी १.

व्याख्यान अपेक्षेहून यशस्वी. वीस मिनिटांनी येसाजीरावांनी घंटी वाजवली, चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा, आणि त्यानंतर घंटी हातातच धरून बसले. एका बाईंनी विचारले, अहो, पण मुलं थापा मारायला शिकतील त्याचं काय? उत्तर दिले: बालकास थाप मारता येत नाही, आणि मोठ्याची थाप ओळखणे तर त्याच्या बुद्धीस मुळीच शक्य नाही, मी महिनाभर प्रत्यक्ष प्रयोग केलेला आहे. टाळ्या. पुढच्या रांगेत अरविंदला असा ठसका लागला की सुलभाला त्याला पाणी पाजायला बाहेर न्यावे लागले.

खुलासा संध्याकाळी. त्याआधी मन स्थिर व्हावे म्हणून एक डाव.

सायंकाळी ७.

जसे घडले तसे लिहितो.

हातात काहीही नव्हते. सर्वांत मोठा पत्ता नहिला. नहिल्यावरच सर्व चिंचोके लावले, आणि असे करणे शास्त्रशुद्ध का आहे ते सांगू लागलो. अरविंदने पत्ते टाकले आणि हनुवटी गुडघ्यावर टेकून माझ्याकडे पाहत बसला. अलकाने मला बोलू दिले. माझे संपल्यावर आपला ढीग दोन्ही हातांनी पुढे सारला आणि म्हणाली, अण्णा, दाखवा.

दाखवले.

ती म्हणाली, आता दुसरेही दाखवा. विचारले, दुसरे कोणते? अरविंद म्हणाला, क्वार्टरचे.

मी ऑर्डरचे तात्पुरते स्वरूप सांगायला आरंभ केला. अरविंदने पहिल्याच वाक्याला टाळी दिली, म्हणाला, बघ अक्का, परत!

मग अलकाने समजावले. फार थोड्या शब्दांत. पत्ते चांगले असले की अण्णा ‘चला’ म्हणतात. काही नसले की शिकवतात. किलो शिकवलात ना, त्याच दिवशी कळले. अरविंद तर तेव्हाच दाखवा म्हणणार होता. मीच म्हटले, असू दे, जेवताना नको.

सुलभा पदराला हात पुसत दारात आली होती. तिला विचारले, तुलाही ठाऊक? ती म्हणाली, मला पत्ते येत नाहीत. पण तुम्ही सांडपाण्याचा उतार काढलात तेव्हा म्हटलं, हे घर काही आपलं नव्हे. गेल्या मंगळवारी खाली जाऊन आम्ही इथंच राहतो म्हणून सांगून आले. हयवदनराय म्हणाले, मलाही वाटलंच होतं, बाजारात सारांनी अर्धा तास उभं केलं.

मी म्हटले, मग मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. अहो, पेढा खाताना तरी सांगाल असं वाटलं होतं. उठा, पानं घेतलीत.

१० जुलै, सोमवार.

जागा मिळाली नाही. शिवाप्पांना मिळाली. आम्ही इथेच राहणार.

(कारणे लिहायला घेतली होती. खोडली.)

संध्याकाळी चौघेच बसलो, सुलभाही. मला चार राजे आले. हजारो डावांत एखादेवेळी येतात. किती हजारांत, ते कोणालाही सांगितले नाही. चेहरा दगड. नुसते ‘चला’ म्हणालो.

तिघांनीही पत्ते टाकले.

मिळकत: चिंचोके तीन.