दोन टिचक्या

४ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

एका डोळ्याला रंग लावून झालाय, दुसरा अजून कोरा आहे. रंगवणाऱ्या बाई ब्रश धुवायला गेल्यात, तेवढ्यात लिहिते. हलायचं नाही असं बजावलंय, म्हणून वही मांडीवर ठेवून न बघता लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांचं वाटलं तर कोंबडीला बोल लाव.

आज माझी मुलाखत आहे. मावशी, आपल्या हजेरीच्या बाई नऊ लाख लोकांनी पाहिल्या! सुट्टीत तुझ्या बाइंडिंगच्या खोलीत, पुठ्ठ्यांच्या ढिगावर फोन टेकवून केलेला तो व्हिडिओ. बाई हजेरी घेतात, नावापाशी अडकतात, टेबलावर दोन टिचक्या मारतात आणि भलतंच नाव तोंडातून उडी मारतं. शेवटी सगळी मुलं संपली की स्वतःचीच गैरहजेरी मांडतात. ती शेवटची ओळ तुझ्या लेकीची, आपल्या सुतळीची. सगळे तिच्यावरच हसतात. शाळेत आता मुली टिचक्या मारूनच एकमेकींना हाक मारतात. इथे नव्या शाळेत आल्यावर पहिले चार महिने मी जिन्यात बसून डबा खाल्ला, हे तुला सांगितलं नव्हतं. आता माझ्यासाठी बाकावर जागा धरतात.

सुतळीला सांग, मला आणखी ओळी हव्यात. तिला तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. रागावली असेल तर का ते तरी कळव. तिला विचारूनच केलं होतं सगळं. हसत होती ती, तूही पाहिलंस. तूसुद्धा फोन उचलत नाहीस. काकांच्या खळीच्या डब्यात पडला की काय?

बाई आल्या. काकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अ. आ.

अक्षर लागलं. तुझ्या आईचं शाळेत याहून वाईट होतं.

फोन खळीत पडलेला नाही. कपाटात आहे. तुझा फोन आला की तुझा आवाज घरभर ऐकू येतो, आणि सुतळी उठून आतल्या खोलीत जाते. कागदाला आवाज नसतो. लिहिलंस तर मी वाचीन, आणि तिला वाटलं तर तीही वाचेल. तुझी तिन्ही पत्रं तिने फोडली आहेत. फेकलेली नाहीत.

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहिते, कारण तू विसरलीस असं वाटतं. ती पाच वर्षांची होती. शब्द घशाशी येऊन बसायचा, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी मी जाडजूड वही शिवत होते. ती काहीतरी मागत होती आणि ते निघत नव्हतं. मी सुई बाजूला ठेवली, टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि ‘सावकाश’ म्हटलं. शब्द आला. तिला दोरा हवा होता. तेव्हापासून तिचं नाव सुतळी, आणि तेव्हापासून त्या टिचक्या. अकरा वर्षं तिने त्याच आधाराने बोलून काढली. शाळेत कुणाच्या ध्यानातही येत नसे. बाकाखाली हात, दोनदा बोट, आणि उत्तर.

आता ती उत्तराला उभी राहिली की अख्खा वर्ग बाकावर टिचक्या मारतो. बाईंनी दोनदा रागावून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनाच हसू आवरलं नाही. त्यांनी येऊन माझी माफी मागितली, चांगल्या आहेत बिचाऱ्या. मुलांना कळलं आहे, असं म्हणाल्या. हजेरीच्या बाई म्हणजे आमच्या वर्गातली अमुक, हे कळलं आहे.

व्हिडिओत तिचं नाव नाही, तिचा चेहरा नाही. मग कसं कळलं? तू कुणाला सांगितलंस का? एवढंच विचारते. खरं असेल ते लिही.

छपाई-बांधणीच्या शाळेची तिची तोंडी परीक्षा १५ मार्चला आहे. निम्मे गुण त्यालाच आहेत. नाही जमलं तर वर्षभर थांबायचं.

डबा जिन्यात खात होतीस हे मला आधी कळायला हवं होतं. बाकी जीव आहेच.

मावशी


२० फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न.

मी कुणालाही सांगितलं नाही. शपथ.

तुझं पत्र आल्याबरोबर व्हिडिओ काढून टाकला. आई खूप चिडली. म्हणाली की तुझी मावशी आयुष्यभर पुठ्ठ्याला पुठ्ठा चिकटवत बसली, तिला बाहेरच्या जगातलं काय कळतं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण व्हिडिओ जात नाही, मावशी. लोकांनी उतरवून ठेवलाय. काल बस थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ छत्रीच्या मुठीवर टिचक्या मारत माझ्याकडे बघून हसले.

नऊ मार्चला मोठा कार्यक्रम आहे, सभागृहात. ठरलेला आहे, मोडता येत नाही. पण मी तिथे टिचकी मारणार नाही. वेगळंच काहीतरी करीन.

सोबत सुतळीसाठी हातमोजे पाठवतेय. लोकरीचे, आतून मऊ. मी खूप विचार केला. ते घालून टिचक्या मारल्या तर कुणाला ऐकूच जाणार नाही. मग वर्गाला काय कळणार? राखाडी रंगाचे आहेत, तिला आवडतो तो. आवडले का तेवढं तिने एका ओळीत लिहावं. शिव्या दिल्या तरी चालतील.

अजून तुझीच आहे असं धरून,
भिंगरी


१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हातमोजे पोचले. तिने एक दिवस घातले. कागद दुमडायच्या टेबलाशी बसून तिने पाच-सहा वेळा टिचक्या मारून पाहिल्या. आवाज आला नाही आणि शब्दही आला नाही. तिला तो आवाज ऐकावा लागतो, हे आम्हालाही त्या दिवशीच कळलं. मग तिने एक मोजा दुसऱ्यात गुंडाळला आणि खणात ठेवला.

परवा शाळेच्या वह्या घ्यायला गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता म्हणालं की तुमची भाची फार पुढे गेली हो, आणि हौसेने फोन काढून तुझी मुलाखत लावली. पिवळा स्वेटर होता तुझ्या अंगात. डोळे छान रंगवले होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं की हे सुचलं कुठून, कुणी खरं माणूस आहे का. तू थोडी थांबलीस. मग म्हणालीस की मावसबहीण आहे, अशीच बोलते. त्यांनी करून दाखवायला सांगितलं. तू करून दाखवलंस. तिची मान, तिचे डोळे, आणि मागून माझं ‘सावकाश’ म्हणणं. माझा आवाज चांगला काढलास.

सुतळी तिथेच होती. हातात खळीचा ब्रश होता. वहीची पाठ निम्मी चिकटवून झाली होती. तिने उरलेली निम्मी चिकटवली, वही दाबात ठेवली, ब्रश धुतला आणि आत गेली. गिऱ्हाईक ओशाळलं. त्याला काही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ती घरातही बोलत नाही. काही हवं असलं तर कापलेल्या कागदांच्या पट्ट्यांवर लिहून देते. काकांनी तिला हसवायला एका पट्टीवर लिहिलं की जेवणात मीठ जास्त पडलंय, आईला सांगू नकोस. ती हसली. मग काका अंगणात जाऊन बराच वेळ सुऱ्यांना धार लावत बसले. त्या सुऱ्यांना धारेची गरज नव्हती.

तू खोटं बोललीस याचा मी बाऊ करत नाही. पंधराव्या वर्षी माणूस घाबरून बोलतं. पण शपथ कशाला घेतलीस?

चौदा दिवस उरले आहेत.

मावशी


१० मार्च

मावशी,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. तरी नमस्कार.

हो, मी सांगितलं. त्या बाईंनी विचारलं तेव्हा मला दिसलं की मी मनानेच रचलं म्हटलं तर त्या पुढच्या प्रश्नाकडे वळतील. त्यांना खरं माणूस हवं होतं. माझ्याकडे एक होतं. मला वाटलं, दोन मिनिटं. दोन मिनिटांनी काय होतं. समोर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या, ज्यांनी चार महिने मला माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

काल कार्यक्रम झाला. सुतळीबद्दल खरं सांगायचं असं ठरवून मी मंचावर गेले. ती किती हुशार आहे, ती ओळ तिची होती, टिचक्या कशासाठी असतात ते. चार वाक्यं पाठ केली होती. मी माइकपाशी पोचायच्या आधीच टिचक्या सुरू झाल्या. खुर्च्यांच्या दांड्यांवर, अख्खं सभागृह. मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. खरंच आला नाही, मावशी. घसा बंद. मान ताठ झाली, मला कळत होतं. लोकांना वाटलं माझं काम सुरू झालं. ते आणखी हसले. जितका वेळ मी उभी होते तितका वेळ हसले. आई पहिल्या रांगेत होती, तीही हसत होती. मग तिचं हसू थांबलं. एवढ्या माणसांत तिचं एकटीचं.

सुतळीला रोज हे होतं का?

मी पंधरा तारखेला येऊ? आत येणार नाही, फाटकाशी उभी राहीन. तुम्ही म्हणाल तर तिच्या वर्गात येऊन सगळ्यांसमोर सांगेन. तिने मला एक ओळ लिहावी. एकच. नको असं लिहिलं तरी मी ते जपून ठेवीन.

भिंगरी


१४ मार्च

प्रिय भिंगरीस,

एक ओळ मागितलीस. मला एका ओळीत भागवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदावर मी अडखळत नाही, म्हणून सगळं तिथेच सांडते.

आई तुला फार सौम्यपणे लिहिते. मीही तिच्याचसारखी लिहीन असं समजू नकोस.

त्या दिवशी मी हसले, हे खरं आहे. हसताना शब्द लागत नाहीत. ओळही मीच लिहिली. व्हिडिओ आल्यावर पहिले तीन दिवस मी शेजारच्या काकूंच्या फोनवर रोज आकडा बघत होते. वाटत होतं, इतकी माणसं माझ्या ओळीवर हसतायत. मी चालताना मान जरा वर करून चालत होते. हे आईला माहीत नाही. आता वाचेल. चौथ्या दिवशी वर्गात पहिली टिचकी वाजली. ती माझी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

स्वतःचीच गैरहजेरी मांडणाऱ्या बाई मी गंमत म्हणून लिहिल्या नव्हत्या. तुला ते कळलं असेल असं मी धरून चालले होते. माझी चूक तेवढीच.

तू काही घेतलंस म्हणून मी रुसले असते तर एव्हाना भांडून मोकळी झाले असते. माझं खोडरबर तू चौथीत नेलंस ते अजून दिलं नाहीस. पण या दोन टिचक्या मला कुणी नवीन देऊ शकत नाही. मी आईबरोबर बसून दुसरं शोधून पाहिलं. अंगठा दाबून पाहिला, पाय आपटून पाहिला, श्वास मोजून पाहिला. येत नाही. आणि टिचकी मारली की मला आता दोरा आठवत नाही. वर्ग आठवतो.

तू सभागृहात उभी होतीस ते वाचून मला बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं. मग भूक लागली. हो, रोज होतं.

उद्या येऊ नकोस. हे पोचेपर्यंत उद्याचा दिवस उलटलेला असेल, पण विचारल्याशिवाय तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. फाटकाशी तू दिसलीस तर लोक तुझ्याभोवती जमतील. परीक्षक तिघं आहेत आणि म्हातारे आहेत अशी बाबा चौकशी करून आले. म्हातारी माणसं हे असलं बघत नसतील. मी उद्या हातमोजे न घालता जाणार आहे. टेबलाच्या कडेला, हळू, दोनदा. शिवणीबद्दल विचारलं तर मला सगळं येतं.

झालं तर मी तुला फोन करीन. बोलेन मी, तू ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

पूर्वीइतका नाही, पण लोभ आहे.

सुतळी


१५ मार्च

भिंगरी, सुतळीचं हे पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून मी, मावशी, त्याच्याच खाली लिहिते.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिला आत बोलावलं. दाराला काच होती, मी बाहेरच्या बाकावरून पाहत होते. परीक्षक दोन म्हातारे आणि एक तरुण बाई. एका म्हाताऱ्यांनी तिला वह्यांची शिवण कशी घालतात ते विचारलं असावं, कारण त्यांनी समोरची वही उलटी करून दाखवली. तिने टेबलाच्या कडेला दोन टिचक्या मारल्या. तरुण बाईंनी मान वर केली, हसल्या आणि आपल्या बाजूने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. धीर द्यायलाच मारल्या असतील. सुतळीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते तिघं थांबले. बराच वेळ थांबले. मग तिने नमस्कार केला आणि ती बाहेर आली.

आम्ही बसने घरी आलो. दुपारी तिने उरलेल्या सोळा वह्या शिवल्या.