ओल्या राखेच्या पिशव्या

३ डिसेंबर
आज रुजू झाले. धरमपेठेतल्या खोलीपासून खापरखेड्याकडचा हा राख सुकवायचा कारखाना तासभर लांब, पण थंडी मस्त आहे आणि गेटवर झणझणीत तर्री-पोहे मिळतात. माझ्याकडे बॅगहाऊस आलंय: उंच लोखंडी खोली, आत दोन पुरुष उंचीच्या दोनशे कापडी पिशव्या टांगलेल्या. भट्टीची गरम, दमट हवा त्यांतून गाळून जाते, राख मागे राहते. सगळे मॅडम म्हणतात. आवडलं.

५ डिसेंबर
जुने ऑपरेटर भैय्याजी रोज आधी तासभर कोरडी गरम हवा सोडतात. खोली थंड राहिली तर वाफेचं पाणी होतं आणि राखेचा चिखल पिशव्यांवर थापला जातो, हे मलाही ठाऊक आहे. पण तासभर? मी त्यांची भरपूर थट्टा केली.

८ डिसेंबर
उशीर झाला म्हणून दहा मिनिटांतच प्लांट सुरू करायला लावला. दुपारपर्यंत पिशव्या दगड झाल्या. सगळं बंद केलं आणि हेल्पर केशवला लाठी देऊन पिशव्या झोडायला आत जायला सांगितलं. भैय्याजी आडवे आले. दोन वर्षांपूर्वी बबनराव नावाचा कामगार असाच हुकमावरून लाठी घेऊन आत गेला होता, कुणीतरी पंखा सुरू केला आणि तो वाफेत शिजून मेला, असं म्हणाले. तेव्हापासून इथं कुणी पिशवी झोडत नाही. मला राग आला, केशवला आत पाठवलंच. चूक झाकायची होती, हेही खरं.

९ डिसेंबर
केशवच्या पाठीवर लाठीएवढे जाड वळ. आत तर तो एकटाच होता. काय झालं ते सांगेना. मी त्याला पुन्हा पाठवलं.

९ डिसेंबर, दुपार
आतून धपाधप आवाज आले. भैय्याजींनी दार उघडलं. केशवचा हात दोन ठिकाणी मोडलेला, दात फुटलेले, तोंडात ओली राख ठासलेली. मी बोटांनी काढली. तो एवढंच बोलला, "तो एकच इचारते, मॅडम. कोणं पाठवलं? काल म्या नाव नाई सांगतलं. आज सांगतलं."
मग गेला.

१० डिसेंबर
त्याची बायको कुसुमावती गेटवर बसली आहे. मी अहवालात पाय घसरला असं लिहिलं. लाज वाटते.

दुपारी दोन
प्लांट बंद. तरी लोखंडी जिन्यावर लाठी आपटतेय. वर येतेय. केबिनला कडी —

काच फुटली. डावा हात गेला. तो विचारतोय —

केशव एक दिवस टिकला. मी दोन फटकेही नाही — भैय्याजींचं नाव सांगितलं. मारणं थांबलं. लाठी जिन्यानं खाली — भैय्याजी खालीच आहेत, ओरडायला हवं, पण तोंडात राख —