सहा जणांची गाडी

१ मार्च, रविवार

आज पुन्हा थोरली फाटकापाशी उभी राहून हात करत होती. आणि आम्ही पुन्हा निघून गेलो!

तळ्यावर जायचं होतं. जुळ्यांची जोडगोळी सकाळपासून बूट घालून तयार. सासूबाईंनी शाल घेतली, नवऱ्याने काचा पुसल्या. मग नेहमीचं घोडं अडलं. मागे तीनच माणसं मावतात. जुळी दोघं आणि सासूबाई बसल्या की आमची गाडी संपली. थोरली म्हणाली, "तुम्ही जा गं मावशी, मला वाचायचंय." दर वेळी तिला वाचायचंच असतं. मीही हल्ली नीट आग्रह करत नाही. अर्धवट विचारते, ती अर्धवट नाही म्हणते, आणि सगळे सुटतात.

तळ्यावर ऊन इतकं मऊ होतं, पाणी हलतंय की झोपलंय कळत नव्हतं. मला मात्र सारखं फाटकच दिसत होतं. परत येताना नवऱ्याला सांगूनच टाकलं — मोठी गाडी घ्यायची. एसयूव्ही. सगळे मावतील अशी. तो म्हणाला, "अगं, सिग्नल तरी सुटू दे!"

३ मार्च, मंगळवार

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत बसते. ही बरी की ती? आता? आणि आता? आज खुर्चीत एक आजोबा होते, आणि मी मनाने गाडीत. सगळ्यात मागची रांग. काचेला डोकं टेकून थोरली. पाय समोरच्या सीटवर — आणि कोणी तिला ओरडत नाहीये. सासूबाईंचा डोळा लागलाय. पोरं चक्क गप्प! रस्ता नुसता पुढे पुढे. कुठे जायचंय ते कोणालाच ठाऊक नाही आणि कोणी विचारतही नाही...

"बाई, दुसरी काच लावताय ना?" आजोबा म्हणाले. किती वेळ मी तीच काच धरून बसले होते कोण जाणे!

इथे तरी खरं लिहावं. थोरली माझ्या पोटची नाही. मी या घरात आले तेव्हा आठ वर्षांची होती, आता सोळाची. तिची आई दुसऱ्या गावी असते. चांगली बाई आहे. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! तिने थोरलीला विचारलंय — पुढचं शिक्षण माझ्याकडे राहून कर, महिनाअखेरपर्यंत सांग. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. नवरा म्हणतो, तिच्यावर दडपण नको. बरोबरच आहे त्याचं. म्हणून मी "राहा ना गं" म्हणत नाही. "मोठी गाडी घेऊ" म्हणते.

६ मार्च, शुक्रवार

नवरा कामाला लागलाय! संध्याकाळभर मोबाइलवर कोणीतरी गाड्यांभोवती फिरत बोलत असतो आणि हा मान डोलावत असतो. त्याने एक पांढरी हेरली आहे. उंच, दणकट, डिकी एवढी की संसार मावेल. माणसं मात्र पाच.

मी म्हटलं, "आपण सहा आहोत."

"थोरली कुठे येते आपल्याबरोबर?"

"जागा नसते म्हणून येत नाही."

"तसं असेल. नाहीतर यायचं नाही म्हणून जागेचं निमित्त असेल."

तो वाईट हेतूने बोलला नाही. त्यालाही भीती वाटतेच, तो ती डिकीत लपवतो. पण मी उठून ओट्याशी गेले. भांडी जरा जोरातच घासली. एका कपाचा कान गेला.

८ मार्च, रविवार

शोरूम. थोरली घरीच.

पांढरीत चढताना सासूबाईंचा गुडघा मध्येच थांबला. "हिच्याबरोबर शिडी देतात का?" त्यांनी विचारलं. विक्रेता तरुण, टाय घट्ट, हसू की नको अशा पेचात. मग निळी. तिची मागची रांग बघून सासूबाईंनी नाक मुरडलं. "ही काय माणसांची जागा आहे? इथे बटाटे ठेवा." मग शेवाळी. दाराखाली रुंद पायरी, धरायला दांडा, मधल्या रांगेत दोन ऐसपैस खुर्च्या. सासूबाई बसल्या त्या उतरायलाच तयार नाहीत! विक्रेत्याने विचारलं, "आजी, चहा घेणार का?" त्या म्हणाल्या, "घेईन, पण इथेच आण."

मी मागे जाऊन बसले. दार लागलं आणि बाहेरचा सगळा आवाज कोणीतरी चिमटीत उचलून नेल्यासारखा गेला. वर छताची काच. तिच्यातून शोरूमचे दिवे दिसत होते, मी त्यांना चांदण्या समजायचं ठरवलं. शेजारची जागा हाताने चाचपून बघितली. इथे थोरली. इथे तिची ती फाटकी पिशवी. तिला खिडकी लागेल, मळमळतं तिला.

नवरा काचेवर टकटक करत होता. "निघायचंय ना?" मला वाटलं होतं, आपण निघालोच आहोत.

१० मार्च, मंगळवार

थोरलीने आपणहून विचारलं, "रंग कोणता?" म्हटलं, शेवाळी. "बरा आहे," म्हणाली. बरा आहे!! दिवसभर जमिनीवर पाय नव्हते माझे.

१४ मार्च, शनिवार

उद्या विक्रेता शेवाळी घरीच आणणार आहे, फिरवून बघायला. आणि थोरली येतेय! "सगळेच जाताय, तर येते," म्हणाली. मी आनंद दाखवला नाही. आत जाऊन उशीत तोंड खुपसून दाखवला.

नवऱ्यानेही पांढरीचा नाद सोडला. आज त्याच्या डोळ्यांतही काहीतरी लकाकत होतं. आम्ही दोघं एकमेकांना काही बोललो नाही, उगाच नजर लागायची.

१५ मार्च, रविवार

आजचं लिहून काढायलाच हवं.

सकाळी गाडी दारात. विक्रेता म्हणाला, घरचीच मंडळी मोकळेपणाने फिरून या, मी इथे थांबतो. सहा जण बसलो. सहा! नवरा चालवत होता, मी त्याच्याशेजारी. थोरली अगदी मागे, खिडकीशी, मी मनात बसवली होती तिथेच. पोरं छताच्या काचेतून ढग मोजत होती. रस्त्याकडेची झाडं काचेवरून सरकत होती, आणि मला वाटलं, हे आता कधी थांबूच नये. स्वप्न खरं होताना असा आवाजच नसतो काही.

तळ्यापाशी थांबलो. सगळ्यांनी सगळ्या जागांवर बसून बघायचं, ही नवऱ्याचीच कल्पना. परत येताना मी चालवणार, तो शेजारी. सासूबाई आणि मोठा जुळा मध्ये, धाकटा मागे. थोरली म्हणाली, "थांबा, लांबून एक फोटो काढते." हे मी ऐकलं होतं. ऐकलं होतं! पण पहिल्यांदाच एवढं मोठं धूड हातात — आरसे, बटणं, नवऱ्याच्या सूचना. धाडधाड दारं लागल्याचे आवाज आले. मी निघाले.

वाटेत किती खुशीत होते मी! मागे वळून म्हटलंसुद्धा, "थोरले, बरं वाटतंय ना गं?" उत्तर आलं नाही. वाटलं, डोळा लागला असेल. आरशात नुसत्या उंच उंच सीटा. सासूबाईंना वाटलं, ती मागे धाकट्याजवळ. नवऱ्याला वाटलं तेच. जुन्या गाडीत हे झालंच नसतं. तिथे माणूस कमी असेल तर कोपराला कळतं.

घरी आलो. एकेक उतरला. विक्रेता उठून म्हणाला, "मॅडम, ताई कुठे आहेत?"

नवऱ्याने मागचं दार उघडून आत बघितलं, मग सीटखाली बघितलं. सीटखाली! सोळा वर्षांची मुलगी!

धाकटा शांतपणे म्हणाला, "ती तळ्यावर राहिली. तिने हात केला. मीपण केला."

"अरे, मग सांगायचं नाहीस का?"

"पण ताई नेहमीच हात करते ना."

सासूबाई पायरीवर खालीच बसल्या.

जुनी गाडी काढून एकटीच गेले. नवरा येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. थोरली तळ्याच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती. मला बघून उठली, आपली आपण गाडीत पुढे येऊन बसली. मी काय बोलले आठवत नाही. ती म्हणाली, "मी थांबा म्हणून हात करत होते, आणि तो बाय करत होता. शेवटी मीपण बाय केलं. काय करणार!" आणि हसली. खरंखुरं हसली.

"फोन होता ना तुझ्याकडे?"

"होता."

"मग का नाही केलास?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघत होते, किती वेळ लागतो ते."

मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली आणि हमसून हमसून रडले, लहान पोरासारखी. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हे म्हणजे सगळं उलटंच! मग म्हणाली, "बाहेरून छान दिसते गं गाडी. वळताना तर फारच."

१६ मार्च, सोमवार

कामावर गेले. एका बाईला विचारलं, ही बरी की ती? ती म्हणाली, "दोन्ही सारख्याच." मलाही आज सगळं सारखंच पुसट दिसत होतं.

१८ मार्च, बुधवार

शेवाळी बुक केली. नवऱ्याने थोरलीला विचारलं, तिने "घ्या की" म्हटलं. मग पोरांना तळ्याची गोष्ट तिनेच रंगवून सांगितली — गाडी कशी पळाली, ती कशी हात करत धावली. पोरं हसून लोळली. नवरा मध्येच उठून आत गेला. मी हसले, आणि हसताना स्वतःचीच लाज वाटली.

आता घरात कुठेही गेले तरी माणसं मोजते. दोन, चार, पाच... सहावी कुठे? न्हाणीघरात असते. जीव भांड्यात पडतो.

२२ मार्च, रविवार

दुपारी वाळलेले कपडे काढत होतो, ती आणि मी. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. घडी घालायला जवळ आलो तेव्हा म्हणाली, "मी आईकडे जाते, मावशी. जूनपासून."

"बरं," म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून! आठ वर्षं, आणि बरं!

मग न राहवून विचारलं, "त्या दिवसामुळे का?"

"नाही गं. ते आधीच ठरलं होतं. तू गाडीमागे इतकी वेडी झाली होतीस, की सांगवेना."

खरं असेल. माझं मन राखायलाही म्हणाली असेल. चादर मी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. तिने काही न विचारता पुन्हा टोकं धरली.

२३ मार्च, सोमवार

नवरा रात्रभर जागाच होता बहुतेक. सकाळी हळूच म्हणाला, "आता पाचच जण. एवढी मोठी कशाला? जुनी अजून चांगली चालते." मी हो म्हटलं. भांडायचं त्राणच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फोन करून बुकिंग रद्द केलं. विक्रेता भला आहे, कारण विचारलं नाही.

दुपारभर डोळ्यांसमोर ती गाडी येत होती. रिकामी. कुठल्यातरी लांबच्या रस्त्यावर संथ चाललेली, आणि आत कोणी नाही. मी तिच्यामागे धावतसुद्धा नव्हते.

२५ मार्च, बुधवार

दुपारी थोरली थेट दुकानात आली. मागच्या अंधाऱ्या खोलीत, तपासणीच्या खुर्चीवर येऊन बसली. सासूबाईंनी सांगितलं असणार. चेहरा लालबुंद — इतकी चिडलेली मी तिला आठ वर्षांत पाहिली नाही.

"गाडी का रद्द केलीस?"

"अगं, आता पाचच जण असू, म्हणून..."

"मी आईकडे चाललेय, मावशी. तुमच्यातून कुठे चाललेय?" आणि मग रडली. तळ्यावर रडली नव्हती ती, आज रडली. "सुट्टीला येईन तेव्हा कुठे बसू मग मी?"

तिच्यासमोरच शोरूमला फोन लावला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, या वेळी नक्की ना?" थोरलीने फोन माझ्या हातातून घेतला, नाक ओढलं आणि म्हणाली, "नक्की. सहा जण आहोत आम्ही."